हिरवी भिंत, काळे ठिपके आणि एचओएची नोटीस

आमच्या घराची उत्तरेकडची भिंत हिरवी झाली होती, यात वाद नाही. कॅरीत, म्हणजे नॉर्थ कॅरोलायनात, उत्तरेची भिंत हिरवी नसेल तर ते घर एकतर नवं असतं नाहीतर नुकतंच धुतलेलं. इथे वर्षाला साधारण ४६ इंच पाऊस पडतो आणि तो आपल्याकडच्यासारखा चार महिन्यांत उरकून मोकळा होत नाही, बाराही महिने थोडाथोडा येत राहतो. त्यात उन्हाळ्यातला दमटपणा, शेजारच्या घराची सावली आणि मार्च सरता सरता पाइनचे पिवळे परागकण. ते गाडीवर, डेकवर, कुत्र्यावर आणि भिंतीवर काहीही भेदभाव न करता बसतात. व्हायनल साइडिंगवर, म्हणजे भिंतीवर बाहेरून बसवलेल्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांवर, शेवाळ धरायला आणखी काय लागतं?

तरी नोटीस आली तेव्हा राग आलाच. एक पानी पत्र, खाली दोन रंगीत फोटो. पहिल्यात उत्तरेची भिंत, छपराच्या पन्हाळीपासून खालपर्यंत हिरवट. दुसऱ्यात पुढच्या दर्शनी भागातली खालची साइडिंग, तिच्यावर काळे बारीक ठिपके. फोटो रस्त्यावरून, गाडीत बसूनच काढलेले, कारण दुसऱ्या फोटोच्या कोपऱ्यात गाडीचा साइड मिरर आलाय. खाली मजकूर: घराची बाह्य बाजू अस्वच्छ, बुरशी आणि घाण, ३० दिवसांत स्वच्छ करा, अन्यथा पुढील कारवाई. वर मोठ्या अक्षरांत ‘कर्टसी नोटीस’. एवढं सौजन्य असेल तर उतरून बेल वाजवायची होती, चहा दिला असता.

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. एचओए म्हणजे होमओनर्स असोसिएशन, स्वतंत्र घरांच्या वसाहतीची सोसायटी. घर घेतलं की तुम्ही आपोआप सभासद, नको म्हणायची सोय नाही. वर्गणी भरायची, नियम पाळायचे. अमेरिकेत ७ कोटींहून जास्त लोक अशा कुठल्या ना कुठल्या संघटनेखाली राहतात. पण पुण्याच्या सोसायटीत आणि यात एक मोठा फरक आहे. तिकडे इमारतीची बाहेरची भिंत सोसायटीची, तिच्या दुरुस्तीचा खर्चही सोसायटीचा, आणि ती करून मिळावी म्हणून सभासद सेक्रेटरीच्या मागे लागतो. इथे भिंत तुमची, खर्च तुमचा आणि सेक्रेटरी तुमच्या मागे.

सुदैवाने नोटीस आली तेव्हा सासरे इथे होते. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि नंतर सिंहगड रोडवरच्या त्यांच्या सोसायटीचे बरीच वर्षं सेक्रेटरी होते. म्हणजे निम्मं आयुष्य पत्रांना उत्तरं देण्यात गेलं आणि उरलेलं नोटिसा काढण्यात. त्यांनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं, उलटून मागची कोरी बाजू पाहिली आणि म्हणाले, “जावक क्रमांक कुठाय?”

त्या रात्री मी एक ईमेल लिहिली. भरपूर लिहिली. आम्ही वर्गणी कधी चुकवली नाही, समोरच्यांच्या अंगणात फाटकं ट्रॅम्पोलिन वर्षभर पडलंय ते दिसत नाही का, गाडीतून चोरून फोटो काढणं कुठल्या सभ्यतेत बसतं, वगैरे. नवरा म्हणाला, जोरदार झालंय. बाबांनी सकाळी वाचलं.

“ट्रॅम्पोलिन कशाला आणलंस यात?”

“बाबा, पण ते आहे ना तिथे.”

“असेल. त्याची वेगळी फाइल होईल. अगं, नोटीस काढणाऱ्याला तुझं गाऱ्हाणं ऐकायचं नसतं. त्याला फाइल बंद करायची असते. ती बंद करता येईल असा कागद त्याच्या हातात दे. मुद्देनिहाय.”

मी ईमेल ड्राफ्टमध्येच ठेवली. अधूनमधून अजून वाचते, बरी उतरलीय.

मुद्देनिहाय लिहायचं तर आधी आपल्याला नेमकं कशाखाली पकडलंय ते कळायला हवं, आणि पत्रात कलमच नव्हतं. मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं तर अर्ध्या तासात दोन तट पडले. एक गट म्हणे गुपचूप धुऊन टाका, यांच्या नादी लागू नका. दुसरा गट म्हणे वकील करा. तिसरा एकटा सदस्य, त्याने कुठल्याही संदर्भाशिवाय रविवारच्या पॉटलकची आठवण करून दिली.

मी वाचायला बसले. नॉर्थ कॅरोलायनात अशा वसाहतींसाठी वेगळा कायदा आहे, प्रकरण ४७-एफ, १ जानेवारी १९९९ पासून लागू. आमची वसाहत त्यानंतरची, म्हणजे तो आम्हाला पूर्ण लागू. एचओएला थेट दंड ठोकता येत नाही. आधी सुनावणीची नोटीस द्यावी लागते, तुम्हाला म्हणणं आणि पुरावा मांडायची संधी द्यावी लागते, निर्णय कळवावा लागतो. मग दंड, १०० डॉलरपर्यंत. मात्र निर्णयानंतर पाच दिवस उलटूनही दोष तसाच राहिला, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला पुन्हा तितकाच दंड लागू शकतो आणि त्यासाठी नव्याने सुनावणी लागत नाही. थकला की घरावर बोजा. “म्हणजे सातबाऱ्याच्या इतर हक्कात नाव,” बाबा म्हणाले, आणि पहिल्यांदाच थोडे गंभीर झाले.

वसाहतीचं मूळ डिक्लरेशन, म्हणजे नियमांचा मूळ दस्तऐवज, काउंटीच्या रजिस्टर ऑफ डीड्सकडे (आपल्याकडचं दस्त नोंदणी कार्यालय) नोंदलेलं असतं. वेक काउंटीत ते घरबसल्या ऑनलाइन शोधता येतं. घर घेताना या जाडजूड कागदांवर आपण सह्या केलेल्या असतात आणि कोणीही ते वाचलेले नसतात. मी वाचले. त्यात बाह्य बाजू ‘नीटनेटकी आणि सुस्थितीत’ ठेवायची इतकंच आहे. बाकी सगळं, म्हणजे मेलबॉक्सचा रंग, कचऱ्याच्या डब्याची जागा, फुलझाडांच्या वाफ्यात काय पसरायचं, हे एका वेगळ्या मार्गदर्शिकेत आहे. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. डिक्लरेशन बदलायला निदान ६७ टक्के मतं लागतात. आमच्याकडे मार्गदर्शिका मात्र एचओएच्या बोर्डाने, म्हणजे कार्यकारिणीने, केलेली आहे आणि बोर्डालाच एका बैठकीत बदलता येते. हे पुढे फार उपयोगी पडलं.

आता भिंत. प्रेशर वॉशर भाड्याने आण, हा सल्ला मला किमान अर्ध्या कॅरीने दिला. पण व्हायनल साइडिंग म्हणजे प्लॅस्टर नव्हे. त्या एकावर एक अडकवलेल्या पट्ट्या असतात, उन्हाने ताणायला-आखडायला जागा हवी म्हणून खिळ्यांवर मुद्दाम सैल सोडलेल्या. खालच्या कडेला पाणी झिरपून जायला बारीक भोकं असतात. खालून वर जोराचा फवारा मारला की पाणी पट्टीच्या आड शिरतं आणि बाहेरची बुरशी काढता काढता आतल्या लाकडाला भेट मिळते. तेव्हा आम्ही हातपंपाचा फवारा, लांब दांड्याचा मऊ ब्रश आणि बागेचा पाइप, एवढ्यावर भागवलं.

साइडिंगवाल्यांच्या संघटनेचीच शिफारस आहे: हलक्या शेवाळाला ३० टक्के व्हिनेगर, ७० टक्के पाणी. पुढच्या बाजूला तेवढ्याने काम झालं. उत्तरेच्या भिंतीला पुरलं नाही, तिथे दुसऱ्या दिवशी एक गॅलन पाण्याला एक क्वार्ट ब्लीच आणि थोडी कपड्यांची पावडर. दुसऱ्या दिवशी हे मुद्दाम सांगतेय, कारण ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. आधीची भिंत आणि फवारा दोन्ही स्वच्छ धुतल्याशिवाय दुसरं औषध भरायचं नाही. खालच्या हायड्रेंजिया आधी पाण्याने चिंब करून ठेवल्या. औषध खालून वर लावत न्यायचं, नाहीतर ओघळांचे पट्टे उठतात, आणि सुकायच्या आत धुऊन टाकायचं. नवरा शिडीवर, मी ब्रशवर, बाबा घडीच्या खुर्चीत चहाचा कप घेऊन मुकादमाच्या भूमिकेत. शेवाळ इतक्या सहज निघालं की आमच्या साइडिंगचा मूळ रंग करडा नसून फिकट निळा आहे, हा शोध घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी लागला.

पण काळे ठिपके हलले नाहीत. व्हिनेगरने नाही, ब्लीचने नाही, घासून नाही. मोहरीएवढे, काळपट तपकिरी, डांबराचे थेंब उडाल्यासारखे, जमिनीपासून साधारण कमरेपर्यंत दाट आणि वर विरळ होत गेलेले. एक नखाने उचकटला. वरचं टणक टरफल सुटून आलं आणि खाली तपकिरी डाग तसाच राहिला. ही धूळ नव्हती, मातीचे शिंतोडे नव्हते आणि ज्याला पत्रात बुरशी म्हटलं होतं तशी भिंतीवर वाढणारी बुरशीही नव्हती.

इथे दर काउंटीत एनसी स्टेट विद्यापीठाशी जोडलेलं कृषी विस्तार केंद्र असतं आणि बहुतेक ठिकाणी स्वयंसेवक ‘मास्टर गार्डनर’ लोकांच्या बागांच्या तक्रारी ऐकून घेतात. फुकट. त्यांना फोटो पाठवला. उत्तरात त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो भिंतीबद्दल नव्हताच: वाफ्यात मल्च, म्हणजे मातीवर पसरायचं आच्छादन, कुठला आहे?

तर हे प्रकरण असं. याला ‘आर्टिलरी फंगस’ म्हणतात, शास्त्रीय नाव स्फेरोबोलस. ती राहते कुजणाऱ्या लाकडात, म्हणजे घराच्या पायथ्याशी आपण हौसेने पसरलेल्या लाकडी भुशात. वसंतात आणि पानगळीत, हवा गार आणि ओली असताना, तिच्या चिमुकल्या पेल्यांत पाण्याचा दाब वाढतो, पेल्याचा आतला पापुद्रा झटक्यात उलटा होतो आणि बीजाणूंचा चिकट गोळा तोफेतून सुटावा तसा बाहेर फेकला जातो. पाच-सहा मीटरपर्यंत. नेम प्रकाशाच्या दिशेने. सावलीतल्या वाफ्यातून पाहिलं तर सगळ्यात उजळ काय दिसतं? पांढरं गॅरेजचं दार, फिकट साइडिंग, उभी केलेली पांढरी गाडी. एकदा चिकटून वाळला की तो गोळा डाग सोडल्याशिवाय निघत नाही. “देवळालीच्या तोफखान्यात भरती करा हिला,” बाबा म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांनी वाफ्यासमोर उकिडवं बसून बराच वेळ काढला. पेले त्यांना सापडले. टाचणीच्या डोक्याएवढे, पिवळट, चांदणीसारखे उघडलेले. मी नुसत्या डोळ्यांनी ओलांडून गेले असते, त्यांनी वाचायचं भिंग लावलं होतं.

आणि आता खरी गंमत. वाफ्यात दर वसंतात ताजा लाकडी मल्च टाका, तपकिरी रंगाचा, दोन-तीन इंच थराचा, अशी सक्ती कोणाची? मार्गदर्शिकेची. म्हणजे एचओएची. दगडगोटे किंवा दुसरं काही घालायचं तर आर्किटेक्चरल कमिटीची आगाऊ परवानगी. आम्ही इमानेइतबारे दर एप्रिलला ट्रकभर मल्च आणून बुरशीला ताजं अन्न वाढत होतो आणि तिने भिंतीवर सोडलेल्या तोफगोळ्यांबद्दल आम्हालाच नोटीस.

मला वाटलं, सापडले! आता पुन्हा ती जुनी ईमेल काढते आणि हे जोडते. बाबांनी हात वर करून थांबवलं. “जिंकायचंय की परवानगी हवीय?” मग आम्ही डायनिंग टेबलावर बसून पत्र लिहिलं. भाषा इंग्रजी, पण ठेवण पक्की पाटबंधारे खात्याची. वर विषय. खाली संदर्भ: आपले दिनांक अमुकचे पत्र, लॉट क्रमांक अमुक. मग मुद्दे.

पहिला: उत्तरेकडील भिंत अमुक तारखेस स्वच्छ केली आहे, आधीचा आणि नंतरचा फोटो सोबत, हा मुद्दा निकाली काढल्याचं लेखी कळवावं. दुसरा: दर्शनी भागावरचे ठिपके साफसफाईने न जाणारे आहेत, त्यांचं कारण हे, विस्तार केंद्राचं उत्तर सोबत. तिसरा: डागाळलेल्या पट्ट्या बदलण्यास आम्ही तयार आहोत, परंतु वाफ्यात तोच मल्च राहिल्यास नव्या पट्ट्यांवरही तेच होईल, करिता भिंतीलगतच्या वाफ्यात मल्चऐवजी नदीतले गोटे घालण्यास परवानगी मिळावी, अर्ज सोबत जोडला आहे. चौथा: परवानगीचा निर्णय होईपर्यंत दुसऱ्या मुद्द्याची मुदत वाढवावी. पाचवा मी घातला, कलम कुठलं ते कळवावं. बाबांनी त्याच्या आधी ‘कृपया’ घातलं. ट्रॅम्पोलिन नाही, साइड मिरर नाही, सभ्यता नाही. ईमेलने पाठवलं, शिवाय पोस्टाने पोच घेऊन. पोच घ्यायचा आग्रह बाबांचा, आणि ती हिरवी पोचपावती परत आली तेव्हा झालेला आनंदही त्यांचाच.

उत्तर मॅनेजमेंट कंपनीकडून आलं, दोन ओळींचं: पहिला मुद्दा बंद, बाकी बोर्डाच्या पुढच्या बैठकीत. या कंपन्या एचओएने पगारी नेमलेल्या असतात. गाडीतून फोटो काढणारा माणूस त्यांचाच. निर्णय मात्र बोर्डाचा, आणि बोर्ड म्हणजे आपलेच शेजारी, बिनपगारी. बहुतेकांचं भांडण चुकीच्या माणसाशी चाललेलं असतं.

बैठक पूलशेजारच्या क्लबहाउसमध्ये होती. मोजून सात माणसं, त्यातली पाच बोर्डाची. मी भिंतीवरून उचकटलेले ठिपके आणि वाफ्यातला मल्चचा एक तुकडा झिपलॉकच्या पिशवीत नेला होता. अध्यक्ष, निवृत्त गृहस्थ, घरांच्या किमती आणि एकसारखेपणा यावर बोलले. गोटे घातले तर उद्या कोणी लाल लाव्हा रॉक घालेल, परवा कोणी फ्लेमिंगो उभे करेल. हे मला पटलं, खोटं कशाला बोलू. लाल लाव्हा रॉक मलाही नकोय. तेवढ्यात बोर्डावरच्या एका बाईंनी पिशवी मागून घेतली, दिव्याखाली धरली आणि म्हणाल्या, हे तर माझ्या गॅरेजच्या दारावर दोन वर्षं आहे, मी कोळ्याची विष्ठा समजत होते. बैठकीचा सूर तिथे बदलला.

परवानगी मिळाली: भिंतीपासून ठरावीक पट्ट्यात गोटे, रंग करडा-तपकिरी, बाकी वाफा होता तसा. ज्यांना मल्चच हवाय त्यांच्यासाठी मी पेन स्टेट विद्यापीठाच्या प्रयोगांचं सांगितलं. मल्चमध्ये सुमारे ४० टक्के मशरूम कंपोस्ट मिसळलं तर या बुरशीला चांगला आळा बसतो असं त्यांना आढळलंय. पाइनच्या सालीचे मोठे तुकडेही बारीक भुशापेक्षा बरे, लवकर वाळतात. बोर्डाने मार्गदर्शिकेत हे पर्याय घालायचं मान्य केलं. अजून घातलेले नाहीत, पण इतिवृत्तात आलंय. इतिवृत्ताची प्रत मी मागून घेतली, हे सांगायला नकोच.

पट्ट्या बदलण्याची युक्ती मात्र नवऱ्याची, म्हणजे त्याने व्हिडिओत पाहिलेली. त्याच छटेच्या नव्या पट्ट्या आणल्या तरी त्या उठून दिसतात, कारण जुन्या उन्हाने फिक्या पडलेल्या. मग घराच्या मागच्या बाजूच्या, तशाच फिक्या झालेल्या पट्ट्या काढून पुढे लावायच्या आणि कोऱ्या करकरीत मागे, जिथे फक्त हरणं बघतात. त्यासाठी झिप टूल नावाचा एक वाकडा पत्र्याचा आकडा मिळतो, पाच-दहा डॉलरला. पट्टीच्या सांध्यात घालून ओढत नेला की वरची पट्टी कुलूप उघडल्यासारखी सुटते. हे काम उन्हात करायचं. थंडीत व्हायनल कडक होतं आणि तडकतं. गोटे मात्र जड निघाले, त्यांचा खर्च साइडिंगपेक्षा जास्त झाला आणि ते उचलताना बाबांना बाजूला ठेवणं हे त्याहून जड.

मंडळाच्या ग्रुपवर हे सगळं सांगितल्यापासून पत्राचा मसुदा बरेच जण मागताहेत. मागा, पाठवते. फक्त तारीख, लॉट क्रमांक आणि कलम आपापलं घाला. एका गृहस्थांनी आमचा लॉट क्रमांक तसाच ठेवून त्यांच्या एचओएला पत्र पाठवलं, आणि ज्या घराला नोटीसच गेली नव्हती त्याचा मुद्दा त्या एचओएने तत्परतेने बंद करून कळवला.